डोळ्यात काय घालावं, कधी दाखवावं: एका घराचे चार प्रश्न

भाऊ, तुम्ही एका दमात चार प्रश्न विचारलेत. मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात लाल होतात, खाजतात; मेडिकलवरून आणलेल्या ड्रॉपने दोन दिवसांत मोकळं वाटतं, तर तोच चालू ठेवावा का? आईचा मोतीबिंदू ‘अजून पिकला नाही’, तर थांबावं का? वडिलांना 12 वर्षांपासून शुगर आहे, पण पेपर बिनचष्म्याचा वाचतात, मग डोळे तपासायची गरज आहे का? आणि मुलीचा नंबर वाढतोय, तर चष्मा कमी लावावा का? शेवटी जाता जाता विचारलंत की केळीच्या बागेत डोळ्याला पान लागलं तर घरी काय करावं. हा प्रश्न जाता जाता विचारण्याचा नाही, त्यामुळे त्यावर जरा जास्त लिहितो.

खान्देशात इतकी वर्षं डोळे तपासतोय. उशिरा येणारी माणसं दोनच प्रकारची दिसतात. एकांचं काही दुखत नाही म्हणून ती येत नाहीत. दुसऱ्यांचं दुखतं, म्हणून ती आधी घरात असेल ते डोळ्यात घालून बघतात. तुमचे वडील पहिल्या प्रकारात मोडतात, तुमचा मुलगा दुसऱ्या. मुलापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या बाबतीत घाई आहे.

आपल्याकडे मार्च लागला की ऊन आणि धुराळा दोन्ही सुरू होतात, आणि 5 ते 15 वर्षांच्या मुलांची रांग लागते. मुलींपेक्षा मुलगे जास्त. लक्षणं ठरलेली: सारखं डोळे चोळणं, उजेडात डोळे मिचकावणं, कोपऱ्यातून चिकट, तार सुटेल असा पांढरा स्राव, आणि डोळ्याचा पांढरा भाग मळकट दिसणं. वरची पापणी उलटून पाहिली की निदान बहुतेक वेळा तिथेच होतं. निरोगी पापणी आतून गुळगुळीत गुलाबी असते. या मुलांच्या पापणीत जुन्या वाड्याच्या फरसबंदीसारखे चपटे फुगवटे एकाला एक लागून बसलेले असतात. ही ॲलर्जी आहे. डोळे आलेले नाहीत, आणि शाळेत कुणाला लागणही होत नाही. बहुतेक मुलांचा हा त्रास वयात आल्यावर आपोआप ओसरतो. तोवरची पाच-सात वर्षं डोळ्याचं नुकसान न होता पार पाडायची, एवढंच आपलं काम असतं.

हे नुकसान बहुतेक वेळा ड्रॉपमुळे होतं. दोन दिवसांत लाली घालवणारा ड्रॉप म्हणजे बहुधा स्टिरॉइड. घरी जाऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर तो स्टिरॉइडच. पुष्कळदा तो अँटिबायोटिकबरोबर मिसळलेला असतो आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात तिसरंच नाव असतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. खाज थांबते, मुलगा खूश, घर खूश. पुढच्या वेळी दुकानात रिकामी बाटली दाखवायची आणि तीच परत आणायची. अशी दोन-तीन वर्षं निघून जातात. या काळात काही मुलांच्या डोळ्यातलं प्रेशर चढत राहतं. ते दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि मागची नस हळूहळू सुकते. भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही धरू शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येतं, पण सुकलेली नस परत येत नाही. शाळकरी पोराला काचबिंदू झालाय हे त्याच्या बापाला सांगणं, माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे.

याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विष, असा नाही. त्रास भडकला की मीही लिहून देतो. पण थोडे दिवस, कमी करत करत, आणि मध्ये प्रेशर मोजून. रोजच्या वापराला ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेनसारखे ॲलर्जीचे ड्रॉप असतात. ते हळू काम करतात, म्हणून लोकांना ते ‘लागू पडत नाहीत’ असं वाटतं. हंगाम सुरू होण्याआधीच ते सुरू केले तर उन्हाळा बऱ्यापैकी सुसह्य जातो. फारच हट्टी त्रास असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आहे, पण ते तपासल्यावर ठरवायचं. घरी करण्यासारखं म्हणजे गार पाण्याची पट्टी, बाहेर टोपी आणि साधा गॉगल, खेळून आल्यावर चेहरा स्वच्छ धुणं, आणि रात्री कूलरचा झोत थेट तोंडावर न घेणं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चोळणं थांबवणं. वर्षानुवर्षं मुठीने डोळे रगडणाऱ्या मुलांचं बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. मग तिरका नंबर वाढत जातो आणि चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. मुलाला या आठवड्यात कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन प्रेशर मोजून घ्या, आणि आतापर्यंत वापरलेल्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या. ‘ती पिवळ्या झाकणाची’ यावरून आम्हाला काही कळत नाही.

ड्रॉपचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. एका वेळी एकच थेंब. दुसरा गालावर ओघळतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही, आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर फेकायची, अर्धी भरलेली असली तरी. खान्देशातल्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी दोन-दोन वर्षं जुने ड्रॉप सापडतात.

खरे डोळे येतात ते वेगळे. 2023 च्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्रात साथ आली होती, तुमच्याही घरात कुणाला तरी झालं असेल. ती बहुतेक विषाणूची असते, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाते. समोरच्याकडे बघून ती लागत नाही. हात, टॉवेल, उशी, मोबाइल यांतून पसरते. काळा गॉगल उजेडाचा त्रास कमी करायला असतो, साथ अडवायला नाही. दिसायला कमी झालं, उजेड अजिबात सोसेना किंवा दुखणं वाढलं तर मात्र वाट बघू नका.

आता शेताचा प्रश्न. केळीचं वाळकं पान, पऱ्हाटीची काडी, उसाचं पातं, ज्वारी-मका काढताना उडालेलं कूस, यांपैकी काहीही बुबुळाला घासून गेलं की वरचा पातळ थर खरचटतो. ओरखडा स्वच्छ असेल तर एक-दोन दिवसांत भरून येतो. अडचण अशी की झाडपाल्याबरोबर बुरशी आत जाऊ शकते. बुरशीला घाई नसते. पहिल्या दिवशी टोचतं, मग जरा बरं वाटतं, माणूस कामाला लागतो. काही दिवसांनी डोळा पुन्हा लाल होतो, पाणी येतं आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. या टप्प्यावर कुणी स्टिरॉइडचा ड्रॉप घातला तर लाली उतरते आणि खाली बुरशी मोकाट फोफावते. पेशंट सांगतो, ‘पहिले तीन दिवस चांगलं वाटलं होतं डॉक्टर’. हे वाक्य ऐकलं की दिव्याखाली बघायच्या आधीच मला काळजी वाटते.

बुरशीच्या जखमेचा इलाज आहे. नॅटामायसिन नावाचा पांढरट ड्रॉप सुरुवातीला तासातासाने घालावा लागतो आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. पण लवकर आलेल्याचा डोळा छोट्या डागावर निभावतो, तर उशिरा आलेल्याच्या बुबुळावर कायमचं फूल पडतं. ते मधोमध असेल तर बुबुळ बदलण्यावाचून नजर परत येत नाही, आणि त्यासाठी कुणाचं तरी नेत्रदान लागतं. काहींचं बुबुळ फुटतंही.

म्हणून डोळ्याला पान किंवा काडी लागली तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा उघडा ठेवून धुवा. पाटाचं किंवा डबक्याचं पाणी नको. कण पापणीत असेल तर धुण्याने निघतो. बुबुळात रुतलेला दिसला तर काडीने, पदराच्या टोकाने, सुईने कोरू नका. ‘डोयामा काडी गयी’ म्हणून गावात जिभेने कचरा काढून देणाऱ्या म्हाताऱ्या असतात. त्यांची माया खरी, पण तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. तूप, मध, गुलाबजल, कांद्याचा रस, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, यांतलं काहीही नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दाखवा. टोचणं थांबलं असलं तरी दाखवा. आणि ‘पान लागलं होतं’ हे आपणहून सांगा, कारण आमचं औषध त्यावर ठरतं.

फवारणी करताना किंवा केळीची वाळकी पानं उतरवताना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा चष्मा लावा. घामाने त्यावर वाफ धरते, मान्य आहे. ती पुसत काम करावं लागतं.

याहून घाईची एकच गोष्ट, ती म्हणजे चुना. तंबाखूसोबतची चुन्याची पुडी लहान पोरं दाबून खेळतात, ती फटकन फुटते आणि चुना सरळ डोळ्यात. यात दवाखान्यात पळण्याआधी धुणं महत्त्वाचं आहे. नळाखाली, तांब्याने, जमेल तसं, पापण्या फाकवून निदान अर्धा तास पाणी घाला. पापणीच्या आत चिकटलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने निघत असतील तर काढा, आणि मगच गाडी काढा. नंदुरबारकडची मिरची डोळ्यात गेली तर माणूस किंचाळतो, पण धुतल्यावर बहुतेक वेळा निभावून जातं. चुना मात्र आत आत जाळत जातो, आणि किती जाळलं ते पहिल्या काही मिनिटांत किती पाणी घातलं यावर ठरतं. वेल्डिंगच्या झोताने रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. ते दीड-दोन दिवसांत उतरतं, पण बधिर करणारा ड्रॉप घरी नेऊन पुन्हा पुन्हा घालायचा नाही, त्याने बुबुळ विरघळतं.

आईंच्या मोतीबिंदूकडे येतो. पिकू द्यायची कल्पना जुन्या ऑपरेशनची आहे. तेव्हा आख्खं भिंग मोठी चीर देऊन काढत, नंतर जाड काचेचा चष्मा लागे, आणि त्यापेक्षा अर्धवट दिसणं परवडे. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि जागेवर कृत्रिम भिंग बसवतात. पिकून कडक, तपकिरी झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ताकद लागते आणि बुबुळाला जास्त इजा होते. फारच थांबलं तर तो फुगून किंवा झिरपून प्रेशर वाढवतो, मग एका रात्रीत डोळा जाण्याची वेळ येते. घाईही नको. आईंना सुईत दोरा ओवता येतो, पायरी चुकत नाही, भाकरी करपलेली दिसते, तर त्या खुशाल थांबू शकतात. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो, माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, देवळाच्या पायऱ्यांवर हात धरावा लागतो, असं असेल तर वेळ झाली. कुठल्याही ड्रॉपने मोतीबिंदू विरघळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

‘उन्हाळ्यात नको, थंडीत करू’ हेही रोज ऐकतो. ऋतूचा संबंध नाही. भुसावळच्या मे महिन्यातही ऑपरेशन व्यवस्थित होतं. बघायचं ते शुगर, बीपी, आणि डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून सारखं पाणी किंवा पू येतो का. नळी तुंबून तिथे पू साठला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. भिंगाच्या बाबतीत माझं मत विचाराल तर साधं, एका अंतरावर चालणारं चांगलं भिंग बहुतेकांना पुरतं. वाचायला चष्मा लागतो, लागू द्या. महागड्या बहुअंतरी भिंगाने काहींना रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा धुळ्या-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, भिंगासह मोफत ऑपरेशन होतं. त्यासाठी शेत गहाण टाकून मुंबई गाठायची गरज नसते. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं किंवा दिसायला कमी झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत न्या. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत येत नसतो. भिंगामागची झिल्ली गढूळ होते, आणि ती लेझरने काही मिनिटांत मोकळी होते.

वडील पेपर वाचतात, हे ऐकून बरं वाटलं, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. शुगरने मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आधी कडेने बिघडतात. वाचण्याची जागा मधोमध असते, ती शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. मग एके दिवशी डोळ्यात रक्तस्राव होतो आणि माणूस म्हणतो, ‘काल रात्रीपर्यंत चांगलं होतं’. चाळिशीनंतरची शुगर ज्या दिवशी सापडते, त्याच दिवसापासून दरवर्षी मागचा पडदा तपासायचा असतो, कारण ती सापडण्याआधी कित्येक वर्षं शरीरात असू शकते. वडिलांची 12 वर्षं झाली आणि एकदाही तपासणी नाही, म्हणजे उशीर झालेलाच आहे. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने नजर टिकते. इंजेक्शनचं नाव ऐकून लोक पळतात. डोळा बधिर केलेला असतो, फारसं कळतही नाही. शुगरबरोबर बीपीही आटोक्यात हवं. आणखी एक: शुगर तीनशेच्या वर असताना नवा चष्मा करू नका. भिंग फुगून नंबर बदललेला असतो, शुगर उतरली की तो चष्मा वाया.

त्याच फेरीत वडिलांचं आणि आईंचं प्रेशर व मागची नसही बघून घ्या. काचबिंदू कडेची नजर आधी खातो. माणसाला कळतं ते बाजूने आलेली म्हैस किंवा सायकल अंगावर आल्यावर. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर सगळ्या भावंडांनी तपासावं. याचा एक प्रकार मात्र अचानक उठतो: संध्याकाळी किंवा अंधारात एका डोळ्यात आणि अर्ध्या डोक्यात भयंकर कळ, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं, डोळा लाल. घरचे पित्त म्हणून लिंबूपाणी देतात. डोकेदुखी आणि उलटीबरोबर एका डोळ्याने दिसायला कमी झालं असेल तर ते पित्त नव्हे, रात्रीच निघा. तसंच अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर पडदा सुटत असू शकतो. तिथेही दिवस मोजायचे नाहीत.

मुलीचं उत्तर थोडक्यात. चष्मा कमी लावल्याने नंबर कमी होत नाही, लावल्याने वाढतही नाही. वयाबरोबर डोळ्याची लांबी वाढते म्हणून नंबर वाढतो. पूर्ण नंबरचा चष्मा, पूर्ण वेळ. रोज दीड-दोन तास उजेडात, बाहेर खेळणं हा सिद्ध झालेला उपाय आहे; आपल्या उन्हात सकाळी आणि संध्याकाळी. नंबर दरवर्षी भराभर वाढत असेल तर कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या ड्रॉपबद्दल विचारा. गाजर, त्राटक, डोळ्यांचे व्यायाम यांनी चष्मा सुटत नाही. मोबाइलसाठी निळा उजेड अडवणाऱ्या काचांवर जादा पैसे घालवू नका. 2023 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत डोळ्यांचा शीण कमी झाल्याचं दिसलं नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटायला विसरतो, तिथून जळजळ सुरू होते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब बघावं, मुद्दाम डोळे मिटावेत. धाकटं भावंड असेल तर त्याचे डोळे शाळेत घालण्याआधी एकदा तपासा. एका डोळ्याला मोठा नंबर असेल तर मेंदू तो डोळा वापरायचं सोडून देतो, आणि सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं कठीण होत जातं.

खाण्यातलं म्हणाल तर शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, अंडं. महागडं काही लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला अजून एखादं पोर संध्याकाळी चाचपडत चालताना दिसतं. ते अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याचा डोस मोफत मिळतो, तो चुकवू नका.

वडिलांना तपासायला नेताना एवढं लक्षात ठेवा: मागचा पडदा बघायला बाहुली मोठी करणारा ड्रॉप घालतात, त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. त्यांना मोटारसायकल चालवत येऊ देऊ नका. तुम्ही सोबत या, गॉगल किंवा टोपी आणा, आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट पिशवीत ठेवा. जेवून आले तरी चालेल, उपाशी पोटी यायचं काही कारण नाही.